आईचं पान

चि. सोनूस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

काल तू फोन मध्येच ठेवलास. आपटलास असं म्हणत नाही, हल्लीचे फोन आपटताच येत नाहीत. तू साधं विचारलं होतंस: पानगळ सुरू झालीय, घरात सगळ्यांची तोंडं उतरलेली असतात, जेवणाचं टेबल जरा सजवून बघते, काय काय करू? आणि मी ते सोडून विचारलं, ‘तू वेळेवर जेवतेस का?’ त्यावर तू जे बोललीस ते मी बाबांच्या कानावर घातलेलं नाही. तर आता हे पत्र फक्त टेबलाबद्दल. दुसरं काहीही विचारणार नाही.

आधी टेबल रिकामं कर. सजवायचं म्हटलं की माणसं वस्तू आणत सुटतात. पण तू पाठवलेल्या फोटोत टेबलावर जागाच कुठे होती? चार्जर, मोठीच्या वह्या, न फोडलेली पाकिटं, औषधांचा डबा, एक मोजा. (डबा कोणाचा ते मी विचारत नाहीये.) सगळं एका टोपलीत भर आणि टोपली दुसऱ्या खोलीत नेऊन ठेव. मग ओल्या फडक्याने पुसून एक रात्र तसंच मोकळं राहू दे. निम्मी मरगळ त्या पसाऱ्याचीच निघेल.

मग कापड. अख्खं टेबल झाकायला नको, मधोमध लांब पट्टी पुरे, ज्याला तुम्ही रनर म्हणता. रुंदी टेबलाच्या साधारण एक तृतीयांश. विटकरी, मोहरीच्या फुलासारखा पिवळा, मातकट, कुठलाही रंग चालेल. शुभ्र नको, धाकटा आहे. एका माणसाला ताट, पेला आणि दोन कोपरं यांना मिळून निदान 60 सेंटिमीटर जागा लागते. मधली सजावट ताटांना रेटायला लागली तर सजावट कमी कर, माणूस नको. तुमच्या टेबलाला सहा खुर्च्या आणि तुम्ही सासूबाई धरून पाच जण. म्हणजे जागा नाही म्हणून कोणी ओट्याशी उभ्याने खावं, अशातला भाग नाही.

बरं, पुढे.

उंची सांभाळ. कोपर टेबलावर टेकव, हात सरळ उभा धर. तुझ्या मनगटाच्या वर काही जाता कामा नये. फुलदाणीतून फांद्या वर काढल्या की फोटोत शोभतात, पण जेवताना समोरच्याचं तोंड दिसत नाही. ज्याला बोलायचंच नसतं त्याला आयता आडोसा मिळतो. मोठी त्या वयात आहे की तिला आडोसा मिळायचाच अवकाश. तू नव्हतीस का?

आता पानं. इथे मी वर्ग घेणार आहे, खुशाल हस. पानातला पिवळा रंग शरदात येत नाही, तो वसंतापासून तिथेच असतो, हिरव्याखाली झाकलेला. दिवस आखडायला लागले की झाड नवं हरितद्रव्य करणं थांबवतं, असलेलं मोडतं, त्यातला नायट्रोजन फांदीत परत ओढून घेतं, आणि खालचा पिवळा उघडा पडतो. लालाची गोष्ट वेगळी. तो अँथोसायनिन नावाच्या रंगद्रव्याचा, बहुतेक झाडांत तो याच दिवसांत नव्याने तयार होतो आणि त्याला साखर लागते, ऊन लागतं. म्हणून दिवसा लख्ख ऊन आणि रात्री गारवा, पण गोठवणारा नव्हे, असा पंधरवडा मिळाला की लाल खुलून येतो. हे मी जन्मभर फळ्यावर शिकवलं. ऊन लागतं याचा पुरावा मात्र तू आणून दिलास. सातवं वर्ष सरलं नव्हतं तुझं. एक लालभडक पान घेऊन आलीस, त्यावर दुसऱ्या पानाच्या आकाराचा पिवळा ठसा. म्हणालीस, ‘आई, ह्याच्यावर दुसरं बसलं होतं, म्हणून हे इथे लाल झालं नाही.’ ते पान मी पार चुरा होईपर्यंत वर्गावर्गात दाखवलं, आणि दर वेळी ते कोणी शोधलं हे सांगितलं. मुलं कंटाळायची. मी सांगायचे.

तशी पानं वेच. झाडाखाली नुकती पडलेली, कोरडी, पण अजून चुरचुरीत न झालेली. रद्दीच्या कागदांत घालून वर जड पुस्तकं ठेवलीस की आठवडा-दोन आठवड्यांत सपाट होतात. मधे कागद बदल, ओल राहिली तर बुरशी धरते. ही पानं ठिसूळ असतात, एकदा मांडली की हलवायची नाहीत. धाकट्याच्या हाताखाली टिकतील अशी हवी असतील तर ग्लिसरीन आण. एक भाग ग्लिसरीन, दोन भाग पाणी, पसरट भांडं, पानं बुडलेली राहतील एवढं वरून वजन. तीन-चार दिवसांनी काढून पुसून घे. रंग थोडा काळवंडतो, पण पान दुमडलं तरी तुटत नाही.

पाइनचे कोन मिळाले तर तेही. ओलीत ते मिटतात, वाळले की उमलतात, धाकट्याला हा खेळ दाखव. बाहेरून आणलेले असतील तर आत किडे असतात, ओव्हनमध्ये 95 अंशांवर अर्धा तास ठेव आणि समोरून हलू नकोस, त्यांत राळ असते, पेटू शकते. एवढ्यापुरतं उभं राहायला माझी हरकत नाही.

छोटे भोपळे ठेवणार असलीस तर अख्खे ठेव, न कोरता. कोरलेला थोड्याच दिवसांत सडतो. अख्खा थंड, कोरड्या जागी महिनोन्महिने टिकतो. देठ धरून उचलू नका. सफरचंदं मांडलीस तर फुलांपासून लांब, पिकणाऱ्या फळातून इथिलीन नावाचा वायू सुटतो आणि कार्नेशनसारखी फुलं त्याने लवकर माना टाकतात. आणि हे मात्र दोनदा वाच: कण्हेर, यू नावाच्या सदाहरित झाडाच्या फांद्या, शरदात उगवणारं ते जांभळट फूल कोल्चिकम, यांतलं काहीही जेवणाच्या टेबलावर आणायचं नाही. तिन्ही जहाल विषारी. धाकटा अजून सगळं तोंडात घालून बघतो. तूही घालायचीस. मेणाचा खडू खाल्ला होतास त्या दिवशी आत्याने केलेला थयथयाट आठवला की अजून हसू येतं.

मेणबत्त्या बिनवासाच्या घे, सुगंध जेवणाच्या वासात मिसळला की दोन्ही बिघडतात. वाळकी पानं ज्योतीपासून हातभर दूर. मुलं लहान आहेत तोवर बॅटरीवरच्या वापरल्यास तर मला झोप लागेल. वरचा दिवाही बघ, खोक्यावर 2700 के लिहिलेला पिवळसर उजेडाचा घे. तुमच्या त्या पांढऱ्याफटक दिव्याखाली सगळेच आजारी दिसतात.

पण खरं सांगू? जमलं तर टेबलच हलव, खिडकीपाशी. संध्याकाळच्या दिव्यांनी शोभा येते, जीव वर येत नाही. सप्टेंबरच्या 22-23 तारखेला दिवस-रात्र सारखे होतात हे तुला माहीत आहे. त्याच सुमारास दिवस सगळ्यांत भराभर आखडत असतो, हे फारसं कोणाच्या लक्षात येत नाही. रोज चार घटका चोरीला गेल्यासारखं वाटतं ते उगाच नाही. 1984 साली नॉर्मन रोझेन्थाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ऋतूबरोबर येणाऱ्या या उदासीनतेचं वैद्यकात पहिल्यांदा नीट वर्णन केलं. त्यावर सकाळी अर्धा तास दहा हजार लक्सच्या (लक्स म्हणजे उजेड मोजायचं माप) दिव्यासमोर बसवतात. घरातला दिवेलागणीनंतरचा उजेड दोन-तीनशे लक्सच्या आतबाहेर. बाहेर मात्र ढगाळ दिवशीसुद्धा त्याच्या कितीतरी पट असतो. म्हणून पानं वेचायला तू जा. सकाळी जा. मुलांवर सोपवू नकोस, जावईबापू आणून देतील म्हणून थांबू नकोस. धाकटा झाल्यापासून दर वर्षी हे दिवस आले की तुझा आवाज खाली जातो, फोनवरही कळतं. दिवा मागवायचा झाला तर आधी डॉक्टरांना विचार, आणि त्यांनी मागे काय सांगितलं होतं ते...

काढलाच विषय. खोडत नाही, खोडलेलं तू उजेडात धरून वाचशील.

फुलांत शेवंती घे. देठाचा खालचा इंचभर भाग तिरपा काप, पाण्यात बुडणारी पानं काढून टाक, एक दिवसाआड पाणी बदल. बराच काळ टिकते. तिला कळ्या धरायला लांब, सलग रात्र लागते. मधे थोडा वेळ दिवा लावला तरी ती दिवस समजून थांबून राहते. बागायतदार मुद्दाम दिवे लावून तिला हव्या त्या मुहूर्तापर्यंत थोपवून धरतात. यातून मी काही बोध काढत नाहीये. नुसतं वनस्पतिशास्त्र आहे. तुला वाटेल आई आता काळोखाचं महत्त्व सांगणार, तर नाही सांगत.

नाव लिहिलेल्या पानांचं सांगायचं राहिलं. मोठं पान घ्यायचं, पांढऱ्या किंवा सोनेरी पेनने त्यावर एकेकाचं नाव लिहायचं आणि ज्याच्या त्याच्या ताटात ठेवायचं. मोठी आणि धाकटा दोघांनाही हे काम जमेल. तुला आठवत नसेल, पण हे तुझंच. बाबांचं ते वर्ष. ते खोलीतून बाहेर यायचे नाहीत, त्यांचं ताट आत जायचं आणि तसंच परत यायचं. दादा बोलायचा नाही. आजी भिंतीशी बोलायची. मी सगळ्यांना वाढायचे, भांडी आवरायचे आणि मग जे उरेल ते ओट्याशी. एका संध्याकाळी तू दप्तरातून पानं काढून टेबलावर मांडलीस, त्यांवर नावं. आजी. दादा. बाबांच्या पानावर लिहिलं होतंस ‘बबा’. मी ते त्यांना नेऊन दाखवलं. बराच वेळ बघत राहिले, मग म्हणाले, पेन कुठाय, काना राहिलाय. आणि काना द्यायला उठून टेबलापर्यंत आले. लगेच जेवायला बसले वगैरे नाही. पण उठले.

माझं पान नव्हतं. मी विचारलं, ‘आईचं कुठाय गं?’ तू अगदी सहज म्हणालीस, ‘तू कुठे बसतेस?’

मी हसले आणि वाढत राहिले. खुर्ची ओढून बसायला लागले ते फार नंतर, आजी गेल्यावर, तू तोवर वसतिगृहात होतीस. म्हणून तू मला बसलेली फारशी पाहिलेलीच नाहीस. काल मी विचारलं ते तू मला टोमणा समजलीस, की बाई, तुझं तुला सांभाळता येत नाही. तुला सगळं सांभाळता येतं. ऑफिस, सासूबाईंचे गुडघे, मोठीची गणितं. एवढं सगळं एका हाती सांभाळणारी दुसरी आपल्या घराण्यात झाली नाही, आणि हे मी तुझ्या आत्यालाही ऐकवलंय. मला भीती वाटते ती तुझ्या कर्तबगारीचीच. तू टेबल इतकं सुरेख सजवशील की सगळे खूश होऊन जेवतील आणि तू पाण्याचा जग हातात घेऊन मागे उभी राहशील. त्यांचं बरं वाटणं बघून तुझं भागेल. काही दिवस भागतंही.

पुन्हा भाषण झालं. रागावू नकोस. मास्तरणीची सवय आहे, निवृत्त होऊनही जात नाही.

पानांवर नावं लिहायला धाकट्याला बसव. त्याला अजून अक्षरं येत नसतील तर चित्रं काढू दे, ज्याला जे सुचेल ते. तू सांगू नकोस कोणाकोणाची करायची. आणि झालं की फोटो पाठव, रिकाम्या टेबलाचा नको, सगळे जेवत असताना. गेल्या सगळ्या फोटोंत चौघंच आहेत, कारण काढणारी तू. या वेळी मोबाइल मोठीच्या हातात दे.

बाबा ठीक आहेत. चालायला जातात. त्यांनी हे पत्र वाचायला मागितलं, मी दिलं नाही.

तुझी,
आई

ता. क. ग्लिसरीन औषधाच्या दुकानात मिळतं. तिथे जाशीलच, तर तुझ्या त्या गोळ्या संपत आल्यात का तेही बघ.