आरसा पार्किंगमध्ये फुटला नव्हता

वारजे, पुणे
रविवार, दुपार

तीर्थरूप आई आणि बाबांना,
शिरसाष्टांग नमस्कार.

रोज फोन होतो, मग पत्र कशाला, असं आई म्हणणार. पण फोनवर आई विचारते, "पोचलीस का?" मी म्हणते, "पोचले." मागून बाबांचा आवाज येतो, "ट्रॅफिक होतं का?" आणि तिथेच आपलं बोलणं संपतं. जे सांगायचंय ते या दोन प्रश्नांत मावत नाही. शिवाय मी फोनवर खोटं बोलले आहे, आणि ते फोनवरच निस्तरायचा धीर होत नाही.

गेल्या महिन्यात गाडीचा उजवा आरसा फुटला, तो पार्किंगमध्ये फुटला नव्हता. एका माणसाने हात मारून फोडला. मी आत बसलेली होते. मला काही लागलं नाही. आई, हे वाक्य पुन्हा एकदा वाच आणि मगच पुढे जा.

बाबा, तुम्ही जन्मभर एसटी चालवलीत, माझा रस्ता तुम्हाला माहीत आहे. वारज्याला हायवेवर चढायचं, चांदणी चौक, बावधन, सूसची खिंड, बाणेर, बालेवाडी, मुळेवरचा पूल ओलांडला की वाकड आणि तिथून डावीकडे हिंजवडी. ऑक्टोबर २०२२ मध्ये चांदणी चौकातला जुना पूल स्फोटाने पाडला, तेव्हा तुम्ही मध्यरात्रीनंतरही टीव्हीसमोर बसला होतात. स्फोट होऊनही तो पुरता पडला नाही, मशीन लावून उतरवावा लागला, त्याचं तुम्हाला फार कौतुक. "जुनं काम," म्हणालात, आणि सकाळी फोन करून, "आता तुझी वीस मिनिटं वाचली." वाचली, खरंच वाचली. पण चांदणी चौकात वाचलेली वीस मिनिटं वाकडला खर्ची पडतात. रविवारी अर्ध्या तासाचा रस्ता मंगळवारी सकाळी दीड तास खातो.

तो मंगळवारच होता. वाकडला सर्व्हिस रोडवर एक मोठी काळी गाडी उलट्या दिशेने आली. का, तर पुढचा यू-टर्न लांब आहे. तसे रोज कितीतरी येतात. माझ्या पुढच्या दोघांनी दबून जागा दिली. मी दिली नाही. डावीकडे हातभर जागा होती, तरी दिली नाही, आणि हॉर्नवर हात ठेवला तो उचललाच नाही. हे लिहायला लाज वाटते. पण पंचनामा अर्धाच लिहून चालत नाही, हे तुम्हीच सांगायचात.

तो घासून निघून गेला. मला वाटलं, संपलं. दोन मिनिटांनी आरशात तीच गाडी, आता माझ्या मागे, डिपरवर डिपर. चौकाच्या थोडं अलीकडे त्याने कट मारला आणि गाडी आडवी घातली.

उतरला तो आई, तुझ्या डोळ्यांसमोर येतो तसा गुंड नव्हता. तिशीचा, इस्त्रीचा शर्ट, गळ्यात कंपनीचं ओळखपत्र. माझ्यासारखाच उशीर झालेला. नंबरप्लेटवर मात्र आकडे असे वळवलेले की ‘दादा’ वाचावं. (गाडीचं कर्ज सात-सात वर्षं फेडायचं आणि वर ‘दादा’ लिहायचं, याचं मला नेहमी हसू येतं. त्या दिवशी आलं नाही.) तो काच बडवायला लागला. काय बोलत होता ते लिहीत नाही. काचेतून निम्मंच ऐकू आलं आणि तेवढं पुष्कळ होतं. मी काच खाली केली नाही, दारं लॉक होती. त्याच्याकडे न बघता समोर बघत राहिले, ११२ लावला आणि त्याला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने त्याच्या गाडीचा नंबर वाचून दाखवला. तेव्हा त्याने आरशावर हात मारला.

सोडवलं कोणी म्हणाल, तर ट्रॅफिक वॉर्डनने. शिट्टी फुंकत आला आणि म्हणाला, "साहेब, गाडी घ्या पुढं, मागं बालेवाडीपर्यंत लागलंय." कोण चूक, कोण बरोबर, फुटलं काय, विचारलंसुद्धा नाही. आणि तो माणूस गेला! इतका वेळ माझ्या जिवावर उठलेला, मागे लाइन लागली म्हटल्यावर निमूट गाडीत बसला. माझे हात स्टेअरिंगवरून सुटत नव्हते.

दुसऱ्या दिवशी चौकीत लेखी अर्ज दिला. यांनी दिवाळीत गाडीत कॅमेरा बसवला होता, तेव्हा मी नको त्या खर्चावरून भांडले होते. त्याचंच चित्रण दिलं. बाबा, तुमच्या वेळचं कलम ३४१ आता भारतीय न्याय संहितेत १२६ झालंय. कायद्याच्या भाषेत ‘गैरनिरोध’, म्हणजे साधं वाट अडवणं. गाडी आडवी घातली इथेच गुन्हा झाला, आरसा त्याच्या पुढचा. मला वाटत होतं, मार लागल्याशिवाय कोणी ऐकून घेणार नाही. तसं नसतं, एवढं कळलं.

तुम्हाला का सांगितलं नाही? जुलै २०२४ मध्ये पाषाण-बाणेर लिंक रोडला दोन लेकरांना घेऊन दुचाकीवर निघालेल्या बाईला एका मोटारवाल्याने तोंडावर मारलं होतं. तिचं रक्ताने भरलेलं नाक टीव्हीवर बघून आई आठवडाभर मला सकाळ-संध्याकाळ फोन करत होती. तो रस्ता माझ्या रस्त्यापासून फार लांब नाही. म्हणून म्हटलं, पार्किंगच बरं.

आरशाचं इथवर झालं. पण त्या दिवशी संध्याकाळी घरी जे झालं, ते यांनाही मी नीट सांगितलेलं नाही.

तुमचा नातू शाळेत पाण्याची बाटली विसरून आला होता. एवढंच. मी त्याच्यावर अशी ओरडले की तो सरकत सरकत भिंतीला टेकला. आवाज माझा होता, शब्द सकाळचे होते, काचेबाहेरचे. तो त्याच्या खोलीत गेला, आणि मला एकदम तुमच्या लूनाचं स्टँड आठवलं.

बाबा, तुमच्या पंचवीस वर्षांच्या विनाअपघात सेवेचा सत्कार झाला, तेव्हा डेपोत सगळे तुमच्या डोक्यावरच्या बर्फाबद्दल बोलले. खरंच होतं ते. उन्हाळ्याच्या सुट्टीत मी तुमच्या कराड-चिपळूण गाडीला बोनेटजवळच्या सीटवर बसून यायचे. कुंभार्लीत खालून ट्रक चढताना दिसला की तुम्ही वळणाच्या वरच गाडी कडेला लावून थांबायचात. मी विचारलं, आपण का थांबायचं, आपली तर एसटी. म्हणालात, "चढणाऱ्याला वाट द्यायची. त्याची गाडी एकदा थांबली की पुन्हा उचलत नाही." एखादा आडमुठा समोरून अंगावर आला, तरी तुम्ही पन्नास पॅसेंजरसकट गाडी मागे घ्यायचात. शिवी नाही, हॉर्न नाही.

आणि मग तुम्ही घरी यायचात. लूना स्टँडला कशी लागते, त्यावरून आईला कळायचं. एका ठोक्यात लागली तर ती ताट घ्यायची. आपटली, तर रेडिओ बंद आणि आम्ही मागच्या खोलीत. तुम्ही आमच्यावर कधी हात उचलला नाहीत. पण एकदा आमटीची वाटी भिंतीवर गेलेली मला आठवते. तो डाग पुढच्या चुन्यापर्यंत राहिला. आई, तू त्याच्यावर कॅलेंडर लावलं होतंस. भलत्या उंचीवर, म्हणून आलागेला विचारायचा आणि तू सांगायचीस, खिळा तिथेच होता.

भांडण उकरून काढायला हे लिहीत नाही. लहानपणी मला तुमचा राग यायचा, तेवढा मागे पडला आहे. दिवसभर दोनशे-अडीचशे किलोमीटर माणूस गिळत राहतो, ते कुठेतरी पडणारच. तुमचं आमटीच्या वाटीत पडलं, माझं पाण्याच्या बाटलीवर. फक्त तो बिल्ला तुमच्या एकट्याच्या छातीवर लावला, आणि त्यातला निम्मा आईचा होता, हे त्या सत्कारात कोणी बोललं नाही. मीही नाही. आज बोलते.

आता मी काय करते ते सांगते, म्हणजे आई झोपेल. सकाळी वीस मिनिटं आधीच, सात वाजून दहाला निघते. त्या वीस मिनिटांनी माझं जेवढं भलं झालं तेवढं कुठल्या प्राणायामाने झालं नव्हतं. उशीर नसला की समोरचा गाढव वाटत नाही, नुसता समोरचा वाटतो. हॉर्न टिचकीएवढाच. कोणी घुसलाच तर तळहात दाखवते, जा बाबा. बोट नाही, डोळ्याला डोळा नाही. चूक माझी असली तर हात कानाला. आपल्याकडे ही खूण अजून चालते, भलाभला तापलेला माणूस तिच्यापुढे ओशाळतो. कोणी मागे लागलंच, तर घरी यायचं नाही, त्याला आपलं घर दाखवायचं नाही. सरळ पेट्रोल पंप नाहीतर चौकी गाठायची, जिथे माणसं आणि उजेड आहे. आणि काच खाली करायची नाही, तो कितीही गोड बोलला तरी.

तुमचा चढणाऱ्याचा नियमही लावून बघते. कोणी अंगावर आला की मनात म्हणते, चढणीला लागलाय, त्याची थांबली तर उचलणार नाही. पिशवीत गरम डबे घेऊन मिनिटं मोजत पळणाऱ्या पोरांना तो नियम बरोबर बसतो. त्या काळ्या गाडीवाल्याला बसत नाही. तो उतारावरच होता. त्यालाही वाट देते, पण त्याच्याबद्दल मनात चांगलं काही येत नाही, आणि ते आणायचा प्रयत्नही मी सोडून दिलाय.

संध्याकाळी खाली पार्किंगमध्ये गाडी बंद करून दहा मिनिटं बसते. गाणी नाहीत, फोन नाही. यांना वाटतं मी ऑफिसच्या कॉलवर असते. असू दे. बाबा, तुम्हाला विचारायचं आहे ते हेच. डेपोतून घरी येताना मध्ये कुठे थांबता आलं असतं का? चहाच्या टपरीवर, प्रीतिसंगमावर? की थांबायची सोयच नव्हती? उत्तर फोनवर देऊ नका. आलात की सांगा.

आणि येण्याबद्दल. स्वतः गाडी चालवत यायचं तुमच्या मनात आहे, आईने मला सांगितलंय, तिच्यावर चिडू नका. कराड ते खंबाटकी तुम्ही डोळे मिटून आणाल, वाद नाही. मला भीती आहे ती कात्रजच्या नव्या बोगद्यानंतरच्या उताराची, नवले पुलापर्यंतच्या. अवजड गाड्या डिझेल वाचवायला तिथे न्यूट्रलमध्ये सोडतात. इंजिनचा धाक गेला की सगळा भार ब्रेकवर, ते तापतात आणि ऐन वेळी लागत नाहीत. २० नोव्हेंबर २०२२ च्या रात्री एका ट्रकने तिथे पाठोपाठ कितीतरी गाड्या उडवल्या होत्या. "न्यूट्रल मारणारा ड्रायव्हर चोर," हे तुमचं वाक्य. तो चोर तुमच्या मागे असला तर तुमच्या बत्तीस वर्षांचा काही उपयोग नाही. तुमच्याकडे पास आहे, आईला अर्धं तिकीट. स्वारगेटला मी घ्यायला येते. तिथून वारज्यापर्यंत तुम्ही शेजारी बसा आणि माझं ड्रायव्हिंग बघा. बोललात तरी चालेल, फक्त पायाने ब्रेक दाबू नका, मला दिसतं ते.

तुमची,
पिंकी

ता. क. : आई, नवा आरसा बसवला, दोन दिवसांत झाला. नातवाची माफी मागितली. तो म्हणाला, "ठीक आहे, पण बाटली खरंच हरवली आहे." तर येताना आपल्या दुकानातली स्टीलची एक घेऊन ये, झाकणाला साखळी असलेली.