मंत्रिमहोदय, ही परवानगी आपण देऊ शकता

माननीय माहिती तंत्रज्ञान मंत्री,
गोवा राज्य, मंत्रालय, पर्वरी.

सादर नमस्कार.

मी डिचोली तालुक्यातल्या एका हायर सेकंडरीत गेली एकवीस वर्षे संगणक शिकवतो. गेल्या पावसाळ्यात, चतुर्थीला आठवडा असताना, माझा एक जुना विद्यार्थी घरी आला. आता तो इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. भिजलेली छत्री दारात टेकवून त्याने चहा यायच्या आधीच लॅपटॉप उघडला. धाकट्या बहिणीचा शिष्यवृत्तीचा अर्ज त्याने एका सरकारी संकेतस्थळावर भरला होता. पावती काढताना अर्जाचा क्रमांक टाकावा लागतो, त्यात शेवटच्या आठाच्या जागी सात पडला, आणि पडद्यावर आला दुसऱ्याच एका मुलीचा अर्ज. तिचा फोटो, आधार क्रमांक, वडिलांचा उत्पन्नाचा दाखला, बँकेच्या पासबुकाचे पहिले पान, सगळे उघडे. पासवर्ड नाही, ओटीपी नाही.

"सर, मला वाटलं माझंच काहीतरी चुकलं, म्हणून आणखी तीन नंबर टाकून बघितले," तो म्हणाला. तिन्ही उघडले. मग त्याने चौथा टाकला नाही. काही उतरवून घेतले नाही, कोणाला पाठवले नाही. ते तीन नंबर, तारीख आणि वेळ वहीच्या पानावर लिहून तो माझ्याकडे आला होता. "हे सांगायचं कोणाला?" एवढेच त्याला विचारायचे होते.

दुसऱ्या दिवशी मी त्या कार्यालयात फोन लावला. दोन टेबले फिरून फोन तांत्रिक काम बघणाऱ्या माणसाकडे गेला. त्याने शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, "दुसऱ्याचा फॉर्म उघडायची परवानगी तुम्हाला कोणी दिली? त्या मुलाचं नाव सांगा, सायबर सेलला कळवावं लागेल." मी नाव सांगितले नाही, फोन ठेवला. संध्याकाळी त्या मुलाला बोलावून म्हटले, "गप्प राहा. यापुढे हा विषय कोणाकडे काढू नकोस." वर्गात मी मुलांना प्रश्न विचारायला शिकवतो आणि त्या दिवशी मीच एका मुलाचे तोंड बंद केले. ते अजून सलते आहे, म्हणून हे पत्र: सरकारी संकेतस्थळातली त्रुटी सद्हेतूने कळवणाऱ्याला आपण आधीच परवानगी द्यावी, एवढीच विनंती.

फोनवरचा माणूस कायद्याला धरूनच बोलत होता, हे मला नंतर वाचल्यावर समजले. माहिती तंत्रज्ञान कायदा २००० सालचा, १७ ऑक्टोबर २००० पासून लागू झालेला. त्याचे कलम ४३ म्हणते की मालकाच्या किंवा ताबा असलेल्या व्यक्तीच्या परवानगीवाचून संगणकात शिरणे, त्यातली माहिती उतरवणे किंवा तिची नक्कल करणे यासाठी नुकसानभरपाई द्यावी लागेल. इथे हेतू विचारलाच जात नाही. पूर्वी या भरपाईला एक कोटी रुपयांची मर्यादा होती, दुरुस्तीनंतर तीही गेली. तीच कृती अप्रामाणिकपणे किंवा कपटाने केली तर कलम ६६ लागते. तीन वर्षांपर्यंत कैद, पाच लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. मूळ कायद्यात या कलमाच्या शीर्षकातच 'हॅकिंग' हा शब्द होता. २७ ऑक्टोबर २००९ पासून लागू झालेल्या दुरुस्तीने तो शब्द काढला आणि दंड दोन लाखांवरून पाच लाखांवर नेला.

माझ्या विद्यार्थ्याच्या मनात कपट नव्हते, त्यामुळे कलम ६६ त्याला लागू नये, असे कोणीही वकील सांगेल. पण कपट होते की नव्हते हे ठरते न्यायालयात, आणि तिथवर पोचायला वर्षे जातात. गुन्हा दखलपात्र आहे, म्हणजे पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात. जामीनपात्र आहे हे खरे, पण तपासासाठी लॅपटॉप आणि मोबाइल जप्त होतात, प्रयोगशाळेत जातात आणि तिथेच राहतात. इंजिनीअरिंगच्या मुलाचा लॅपटॉप म्हणजे त्याचा प्रोजेक्ट, त्याच्या नोट्स, त्याचे वर्ष. पुढे नोकरीसाठी पोलिसांचा चारित्र्य दाखला लागतो. कायद्यात लिहिलेली शिक्षा झाली नाही तरी ही शिक्षा झालेली असते, आणि ती कमी करायची सोय कुठल्या कलमात नाही.

कलम ७० त्याहून कडक आहे. सरकारने अधिसूचना काढून एखादी यंत्रणा 'संरक्षित' ठरवली की तिच्यात विनापरवाना शिरणाऱ्यालाच नव्हे, शिरायचा प्रयत्न करणाऱ्यालाही दहा वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. कपटाची अटही नाही. वीजवितरण किंवा बँकांचा कणा असलेल्या यंत्रणांसाठी हे कलम असणे मला मान्य आहे. पण अशी अधिसूचना राज्य सरकारही काढू शकते. शिष्यवृत्तीच्या किंवा दाखल्यांच्या संकेतस्थळापर्यंत हे कलम कधी येऊ नये, एवढी काळजी आपण घ्यावी.

मी हॅकरांची बाजू घेत नाही. आमच्या शेजारी निवृत्त शिक्षिका राहतात. गेल्या वर्षी व्हिडिओ कॉलवर पोलिसाच्या वेशातल्या माणसाने त्यांना 'डिजिटल अरेस्ट' केले. चार तास त्या खुर्चीवरून उठल्या नाहीत. पाणी प्यायलाही त्यांनी कॉलवर विचारले. त्यांच्या मुदतठेवीचे पैसे गेले. सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर फोन केला तोवर ते किती खात्यांतून पुढे सरकले होते कोणास ठाऊक. त्या भामट्यांना जितकी शिक्षा होईल तितकी थोडी. पण कायदा उघडून बघावा. तोतयेगिरी करून संगणकाद्वारे फसवणूक करणाऱ्यासाठी कलम ६६ ड आहे. तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड. भारतीय न्याय संहितेची फसवणुकीची कलमे त्याला वरून लागतात, हे मान्य. तरी या एका कायद्यापुरते पाहिले तर म्हातारीची पुंजी लुटणाऱ्याला दंडाची मर्यादा एक लाख आणि कलम ६६ खाली अडकलेल्या मुलाला पाच लाख. कैद दोघांना सारखीच. कोणाचे किती नुकसान झाले, कोणाला किती फायदा झाला, याचा विचार करायला कलम ४७ सांगते, पण ते फक्त भरपाई ठरवताना. कैदेच्या बाबतीत अशी पायरी कायद्याने घातलेली नाही.

या कायद्याची कलमे कशी ताणली जातात ते गोव्याने पाहिलेले आहे. २०१४ मध्ये इथल्या एका नागरिकावर फेसबुकवरच्या मजकुरासाठी कलम ६६ अ, म्हणजे 'आक्षेपार्ह' ऑनलाइन मजकुराचे कलम, लावले गेले. पुढच्याच वर्षी, २४ मार्च २०१५ रोजी, सर्वोच्च न्यायालयाने ते कलम घटनाबाह्य ठरवून रद्द केले. तोवर ज्यांना चौकशीला बोलावले गेले त्यांचे दिवस कोणी परत दिले नाहीत.

अमेरिकेचा संगणक-गैरवापराचा कायदा १९८६ चा. रॉबर्ट मॉरिस या विद्यार्थ्याने १९८८ मध्ये सोडलेल्या 'वर्म'ने, म्हणजे आपोआप पसरत जाणाऱ्या प्रोग्रॅमने, तेव्हाच्या इंटरनेटवरचे हजारो संगणक ठप्प केले. याच कायद्याखाली तो दोषी ठरला, पण न्यायालयाने त्याला तुरुंगात धाडले नाही. तीन वर्षांचे प्रोबेशन, ४०० तास समाजसेवा आणि १०,०५० डॉलर दंड. तो पुढे एमआयटी या तिथल्या नामांकित विद्यापीठात प्राध्यापक झाला. त्याच कायद्याखाली २०११ मध्ये ॲरन स्वार्ट्झ या तरुण प्रोग्रॅमरवर आरोप ठेवले गेले. एमआयटीच्या नेटवर्कवरून त्याने संशोधनपर लेख मोठ्या संख्येने उतरवले होते. आरोपांवर आरोप चढत गेले आणि कागदावरची शिक्षा काही दशकांची झाली. खटला उभा राहण्याआधीच, जानेवारी २०१३ मध्ये, वयाच्या सव्विसाव्या वर्षी त्याने जीवन संपवले. कायद्याचे शब्द जवळपास तेच होते. ते कोणी, किती जोर लावून वापरले, यावर एक प्राध्यापक झाला आणि दुसऱ्याच्या आईवडिलांच्या वाट्याला आयुष्यभराचा शोक आला. मे २०२२ मध्ये अमेरिकेच्या न्याय खात्याने आपल्या सरकारी वकिलांना धोरण घालून दिले, की सद्हेतूने सुरक्षा तपासणाऱ्यावर या कायद्याखाली खटला भरू नये.

आणि पोर्तुगाल. ज्या देशाच्या १८६७ च्या नागरी संहितेवर आपले वारसा आणि विवाहाचे कायदे आजही उभे आहेत, त्याने २०२५ मध्ये आपल्या सायबर गुन्ह्यांच्या कायद्यात दुरुस्ती केली. यंत्रणेतली त्रुटी शोधून ती ताबडतोब कळवणारा, गरजेपुरतेच बघणारा आणि त्यातून कमाई न उकळणारा माणूस तिथे शिक्षेतून वगळला गेला आहे. दीडशे वर्षांपूर्वीचे त्यांचे चालत असेल तर हे नवे वाचून बघायला हरकत नसावी.

आपण म्हणाल, कायदा केंद्राचा आहे, राज्याचा मंत्री काय करणार? माझे म्हणणे याच ठिकाणी आहे. कलम ४३ मधले सगळे 'मालकाच्या किंवा ताबा असलेल्या व्यक्तीच्या परवानगीवाचून' या शब्दांवर लटकलेले आहे. गोवा सरकारच्या संकेतस्थळांचा मालक कोण? गोवा सरकार. म्हणजे परवानगी द्यायचा अधिकार आपल्याकडेच आहे. ती आधीच, जाहीरपणे, लेखी देऊन ठेवा. 'गोवा ऑनलाइन' या राज्याच्या सेवांच्या संकेतस्थळावर आणि प्रत्येक खात्याच्या संकेतस्थळाच्या तळाशी चार ओळी पुरतील: कोणाला त्रुटी दिसली तर या पत्त्यावर कळवा; खात्री करण्यापुरतेच बघा, माहिती उतरवू नका, पुढे पाठवू नका, सेवा बंद पडेल असे काही करू नका; दुरुस्तीला अमुक दिवस द्या; एवढे पाळलेत तर आपण हे आमच्या परवानगीने केले असे आम्ही मानू आणि तक्रार करणार नाही. याला विधानसभेत विधेयक लागत नाही, दिल्लीची वाट बघावी लागत नाही. दिल्लीतल्या सर्ट-इनकडे, म्हणजे केंद्राच्या सायबर सुरक्षा यंत्रणेकडे, त्रुटी कळवायची सोय आहे, हे मला नंतर समजले. पण तिथे कळवले म्हणून आपल्या खात्याने तक्रार करू नये असे बंधन कुठे आहे?

सोबत गृह खात्याशी बोलून रायबंदरच्या सायबर पोलीस ठाण्यासाठी एक कायमची सूचना काढावी. तक्रार ज्याच्याविरुद्ध आली त्यानेच आधी ती त्रुटी कळवली होती का, हे गुन्हा नोंदवण्यापूर्वी बघावे. कायद्याने या गुन्ह्यांचा तपास निरीक्षकाच्या खालच्या दर्जाचा अधिकारी करू शकत नाही, म्हणजे जाणत्या अधिकाऱ्याच्या हातीच तो असतो. त्याला वरून एक आधाराचा कागद हवा.

आणखी एक, जाता जाता. कलम ४३ खालच्या पाच कोटींपर्यंतच्या दाव्यांचा निवाडा राज्याच्या माहिती तंत्रज्ञान सचिवांपुढे होतो; निवाड्याचे हे काम त्यांच्याकडे २००३ पासून आहे. उद्या एखाद्या सरकारी संकेतस्थळावरूनच माझी कागदपत्रे बाहेर गेली तर मी दाद मागायला जायचे ते त्याच सरकारच्या सचिवांकडे. यावर केंद्राला पत्र लिहावे अशी विनंती आहे.

आमच्याकडे देवळाच्या फंडपेटीचे कुलूप निसटलेले दिसले तर भाविक महाजनांना, म्हणजे देवळाचा कारभार बघणाऱ्यांना, जाऊन सांगतो. 'पेटीला हात का लावलास' म्हणून महाजन त्याला पोलिसांत नेत नाहीत. एकदा नेले, तर पुढच्या वेळी सांगायला कोणी येणार नाही, हे त्यांना कळते. जून २०२२ मध्ये आपल्या जलस्रोत खात्याच्या पूर-निरीक्षण यंत्रणेवर रॅन्समवेअरचा हल्ला झाला, ऐन पावसाच्या तोंडावर. फाइली कुलूपबंद झाल्या आणि खंडणी मागितली गेली ती बिटकॉइनमध्ये. असे हल्ले करणारा बहुधा कुठल्या देशात बसलाय हेही कळत नाही. कलम ७५ प्रमाणे आपला कायदा परदेशातल्या माणसालाही लागतो, पण त्याच्या दारात आपला पोलीस पोचत नाही. साखळीच्या, पेडण्याच्या, वाळपईच्या मुलाच्या दारात पोचतो. शिक्षा वाढवत नेली तर धाक बसतो तो या मुलांना.

आपल्याच राज्याने सहावी ते आठवीच्या मुलांना कोडिंग आणि रोबोटिक्स शिकवायची योजना आणली आहे. चांगली योजना आहे. आमच्याकडे अकरावीला येणारी मुले आता तयार होऊन येतात, आकडा बदलून बघणारी मुले येतात. यंदाच्या तुकडीतल्या एका मुलीने मला पहिल्याच आठवड्यात विचारले, "सर, वेबसाइट सेफ आहे की नाही हे आपण तपासू शकतो?" मी तिला प्रयोगशाळेतल्या आमच्याच सर्व्हरवर दाखवले आणि बाहेरच्या कुठल्याही संकेतस्थळावर करून बघू नकोस असे बजावले. तिने कारण विचारले. मला ते नीट सांगता आले नाही.

त्या शिष्यवृत्तीच्या संकेतस्थळाचे काय झाले, हे आपण विचाराल. मला माहीत नाही. भगदाड बुजले आहे का हे बघायचे तर पुन्हा एक आकडा बदलून कोणाचा तरी अर्ज उघडावा लागेल, आणि ती परवानगी माझ्याकडे नाही. वहीचे ते पान मी जपून ठेवले आहे. तीन नंबर, तारीख, दुपारची वेळ. आपण वेळ दिलीत तर कुठल्याही कामाच्या दिवशी पर्वरीला घेऊन येतो. त्या मुलाचे नाव मात्र आपण ती चार ओळींची परवानगी दिल्यावरच सांगेन.

आपला,
डिचोलीतील एक संगणक शिक्षक