ड्राफ्टिंगच्या परीक्षेत मॉडेलही बदलून पाहावे

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

संगणकावरील ड्राफ्टिंगच्या, म्हणजे यंत्रभागांची तांत्रिक ड्रॉइंग काढण्याच्या, परीक्षेत विद्यार्थ्याने शेवटी सादर केलेला कागद किंवा पीडीएफ पाहून गुण देण्याची पद्धत सर्रास दिसते. या क्षेत्रात रोज काम करणाऱ्या माझ्यासारख्याला ही पद्धत अपुरी वाटते. ड्रॉइंग त्या दिवशी बरोबर दिसते एवढेच तिच्यातून कळते; मॉडेल (वस्तूची संगणकातील त्रिमितीय प्रतिकृती) बदलल्यावर ते टिकेल की नाही हे कळत नाही, आणि प्रत्यक्ष कामात तर बदल येणार हे ठरलेलेच असते.

ड्रॉइंग बोर्डवर एलिव्हेशन (समोरून), प्लॅन (वरून) आणि साइड व्ह्यू (बाजूने) हे वेगवेगळे काढावे लागत. एका भोकाचा व्यास बदलला की तिन्हीकडे खोडाखोड करावी लागे आणि घाईत एखादा व्ह्यू सुटून जाई. १९८२ साली ऑटोकॅड हे ड्राफ्टिंगचे सॉफ्टवेअर आले तेव्हा बोर्डाची जागा पडद्याने घेतली, पण रेषा एकमेकींपासून सुट्याच राहिल्या. त्रिमितीय मॉडेलला जोडलेले व्ह्यू ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस प्रो-इंजिनिअर या सॉफ्टवेअरमुळे रुळू लागले, आणि ऑटोकॅडमध्ये मॉडेलवरून व्ह्यू काढणारी ‘व्ह्यूबेस’ ही कमांड २०१२च्या आवृत्तीत आली. आता मॉडेलवरून एक बेस (पायाभूत) व्ह्यू ठेवला की त्याच्यातून बाकीचे ओढून काढता येतात. ते स्केल आणि हिडन लाइन (आड दडलेल्या कडांच्या रेषा) दाखवण्याची पद्धत बेसकडूनच घेतात, आणि बेस सरकवला तर आपली रांग न सोडता त्याच्यामागे सरकतात. एखादा भाग मोठा करून दाखवणाऱ्या डिटेल व्ह्यूला मात्र स्वतःचे स्केल देता येते. फर्स्ट अँगल की थर्ड अँगल (व्ह्यू कोणत्या बाजूला मांडायचे याच्या दोन पद्धती) हे पहिला व्ह्यू ठेवण्यापूर्वीच ठरवायला हवे. टायटल ब्लॉकमध्ये (ड्रॉइंगच्या माहितीच्या चौकटीत) एका पद्धतीचे चिन्ह आणि व्ह्यूंची मांडणी दुसऱ्या पद्धतीची, असे झाले तर डाव्या बाजूचा भाग उजव्या बाजूचा बनून येऊ शकतो.

हे सगळे वर्गात शिकवले जाते. शिकवायचे राहते ते हे की, मॉडेल आणि ड्रॉइंगमधला हा दुवा फार सहज तुटतो आणि तुटल्याचे कागदावर दिसत नाही. समजा, एका प्लेटमधील दोन भोकांचे अंतर मॉडेलमध्ये ५८ मिमी आहे आणि ते ६० हवे असे ऐनवेळी कळले. मॉडेल उघडण्याऐवजी ड्राफ्ट्समन डायमेन्शनवर (ड्रॉइंगवरील मापावर) डबल क्लिक करून ५८च्या जागी ६० टाइप करतो. छापील कागद निर्दोष दिसतो. पुढे तेच अंतर मॉडेलमध्ये ६५ केले जाते, भोके व्ह्यूमध्ये सरकतात, पण हाताने लिहिलेला आकडा मोजमापाशी बांधलेला नसल्यामुळे ६०च राहतो, आणि फिटर रेषा मोजत बसत नाही, तो आकडा वाचतो. व्ह्यू एक्स्प्लोड करणे हा याचाच थोरला भाऊ. नको असलेली एक रेषा पुसण्यासाठी सगळा व्ह्यू सुट्या रेषांत फोडला की मॉडेलशी असलेले त्याचे नाते कायमचे संपते. खरे तर ती रेषा लपवण्याची सोय बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये असतेच.

दुवा शाबूत असला तरी निर्धास्त राहता येत नाही. भोक थोडे सरकले आणि सेक्शनची रेषा (भाग कुठे कापून आतले दाखवायचे ती) जुन्याच जागी राहिली, तर सेक्शन व्ह्यू मुकाट्याने अपडेट होतो आणि भोकाऐवजी भरीव धातूचे हॅचिंग (तिरप्या रेषा) दाखवतो. सॉफ्टवेअरच्या दृष्टीने यात काहीच चुकलेले नसते, कारण सांगितले तिथेच त्याने कापलेले असते. ज्या कडेला डायमेन्शन बांधले होते ती कडच फिलेट (गोलाई) दिल्यामुळे नाहीशी झाली, तर ते डायमेन्शन निराधार होते. अशा डायमेन्शनवर काही सॉफ्टवेअर इशाऱ्याची खूण करतात किंवा त्यांचा रंग बदलतात, पण ती खूण दिसताच नेमके काय करायचे याचा सराव कुणी करून घेतलेला नसतो.

सर्वांत त्रासदायक प्रकार मंजूर झालेल्या ड्रॉइंगचा. रिव्हिजन (सुधारित आवृत्ती) ‘बी’ची फाइल काही महिन्यांनी उघडली, तेवढ्यात मॉडेल पुढे गेलेले होते, व्ह्यू आपोआप अपडेट झाले, आणि टायटल ब्लॉकमध्ये अक्षर ‘बी’ असूनही आकार मात्र नवा. म्हणून मंजुरी मिळताच पीडीएफ गोठवून ठेवणे आणि त्या रिव्हिजनच्या मॉडेलची प्रतही सोबत जपणे हा ड्राफ्टिंगचाच भाग मानला पाहिजे. माझ्या पाहण्यात तो कारकुनी म्हणून बाजूला टाकला जातो.

माझी सूचना अशी की, परीक्षार्थीकडून पीडीएफबरोबर मूळ फाइलही घ्यावी. परीक्षकाने तिच्या मॉडेलमध्ये एक भोक सरकवावे, एक जाडी बदलावी, एका कडेला फिलेट द्यावे, व्ह्यू अपडेट करावेत आणि कोणती डायमेन्शने बदलली नाहीत ते पाहावे. नंतर तीच फाइल विद्यार्थ्याला परत देऊन सेक्शनची रेषा जागेवर आणायला, सुटलेली डायमेन्शने पुन्हा बांधायला आणि रिव्हिजनच्या तक्त्यात बदलाची नोंद करायला सांगावे. यासाठी वेगळे सॉफ्टवेअर लागत नाही. परीक्षकाचा वेळ जास्त जाईल हे खरे, पण निम्मे गुण या दुसऱ्या टप्प्याला ठेवले तर डायमेन्शनवर आकडा टाइप करण्याची सवय वर्गातच सुटेल.

आपला,
एक ड्राफ्ट्समन वाचक