दादाला तू सांग

प्रिय सुध्या,

इकडे तब्येती ठीक. माझी शुगर जागेवर, आईचे गुडघे होते तसेच. लिहितोय ते दादासाठी. फोनवर बोलायला लागलो की वहिनी दारात येऊन उभी राहते, म्हणून पत्र.

शुक्रवारी डायलिसिसहून आल्यावर संध्याकाळी दादानं पट मांडला. माझा घोडा त्याच्या वजिरावर आणि हत्तीवर एकदम येऊन बसला, तरी हा कडेचं प्यादं ढकलून मोकळा! वजीर उचलला तेव्हा नुसता बघत राहिला. मला पुढं खेळवेना. शनिवारी सकाळी चहा घेता घेता त्यानं तोच डाव आठवणीनं जसाच्या तसा लावला आणि म्हणाला, "काल इथं मी झोपलो होतो काय?"

हे तुलाच कळेल. अख्ख्या सांगलीत दादाचा वजीर फुकट मिळाला असं म्हणणारा कोणी आहे का? (तुझी ती बरोबरी मी धरत नाही. तू उंटाला हात लावला होतास. अजूनही नाही म्हणशील, पण मी समोर होतो.)

डायलिसिसच्या संध्याकाळी असं का होतं, ते डॉक्टरांना गाठून विचारलं. मशीन रक्त नुसतं साफ करत नाही, साठलेलं पाणीही ओढतं. दादा मंगळवार-शुक्रवार असा दोनदाच जातो, त्यामुळं मधल्या दिवसांत तीन-साडेतीन किलो वजन चढतं आणि ते सगळं चार तासांत काढावं लागतं. रक्तातून पाणी जातं त्या वेगानं अंगातलं पाणी रक्तात येत नाही. मग बीपी पडतं. टेक्निशियन धावत येतो, पाय वर करतो, सलाईन सोडतो. बीपी खालीवर झालं तरी मेंदू आपल्या रक्तवाहिन्या सैल-घट्ट करून पुरवठा सांभाळतो, पण वर्षानुवर्षांच्या बीपी-शुगरनं त्या वाहिन्या कडक झालेल्या असतात, मग ते जमत नाही. नेदरलँड्समध्ये ग्रोनिंगनला पासष्टीपुढच्या रुग्णांचं डायलिसिस चालू असताना मेंदूचं स्कॅन केलं होतं, 2018 मध्ये छापून आलं. बाराच माणसं होती, पण मेंदूचा रक्तपुरवठा सरासरी दहा टक्क्यांनी उतरलेला दिसला. दुसऱ्या दिवशी डोकं ताळ्यावर येतं, ते आपण बघितलंच. पण रक्तपुरवठ्याला असे धक्के वर्षानुवर्षं बसत राहिले तर मेंदूच्या आतल्या भागाला इजा होत जाते, अशी डॉक्टरांना धास्ती आहे. माझी झोप उडाली आहे ती त्यानं.

सुध्या, करण्यासारखं आहे रे! डॉक्टर म्हणतात आठवड्यातून तीनदा या, म्हणजे दर वेळी पाणी कमी ओढावं लागेल. पैशाचं कारण नाही. "तिसरा दिवसही तिथंच घालवू काय?" हे दादाचं उत्तर. वर भडंग सुटत नाही. मीठ पोटात गेलं की तहान, तहान लागली की पाणी. आणि मशीनवर थंडी वाजते म्हणून टेक्निशियनला तापमान वाढवायला लावतो! इंग्लंडमध्ये 73 रुग्णांचे दोन गट करून एका गटावर नेमकं उलटं करून बघितलं. मशीनमध्ये रक्त साफ करणारं द्रावण असतं, ते अंगाच्या तापमानापेक्षा अर्धा अंश गार ठेवलं, आणि वर्षानंतर त्या गटातल्या रुग्णांच्या मेंदूत ती इजा दिसली नाही. गार द्रावणानं बीपी टिकून राहतं. दादाला चालेल का ते डॉक्टर बघतील, पण त्यानं निदान ब्लँकेट घ्यावं, तापमान वाढवू नये.

माझं तो ऐकत नाही. मी त्याला अजून चौथीतलाच वाटतो. वहिनीसमोर मेंदूचा विषय काढता येत नाही. तुझं मात्र ऐकेल. सिगारेट तुझ्याच सांगण्यावरून सुटली होती. रागावू नकोस, डावाचं बोल. तिसरा दिवस घेतलास तर संध्याकाळीही नीट खेळता येईल, असं सांग.

अनूला पुण्यात ॲडमिशन मिळाली हे कळलं, फार बरं वाटलं. फ्लॅटचं काय झालं? वसंताला भेटलास तर माझा निरोप सांग.

फोन बुधवारी किंवा शनिवारी सकाळी कर, डायलिसिसच्या संध्याकाळी नको. आणि येशील तेव्हा भडंग मागितला तरी आणू नकोस.

तुझा,
विन्या