बिट्टूला घेऊनच या

प्रिय सुमे,

सप्रेम नमस्कार.

तुझा परवाचा मेसेज वाचला. फोन करणार होते, पण फोनवर निम्मं राहून जातं, म्हणून सविस्तर लिहायलाच बसले. बिट्टूला कुत्र्यांच्या बोर्डिंगमध्ये ठेवायचं, नाहीतर यंदाची कोकणची सुट्टीच रद्द करायची, असं तुमचं चाललंय. माझं ऐक, दोन्ही करू नका. नऊ वर्षांत जो एक रात्र तुमच्याशिवाय झोपला नाही, त्याला परक्या ठिकाणी ठेवून तू हरिहरेश्वरला जेवायला बसलीस तर तुझ्या घशाखाली घास उतरेल का? त्याला घेऊनच या. फक्त वाट अशी धरा, की मध्ये एक-दोन खाड्या फेरीबोटीने ओलांडाव्या लागतील. आम्ही आमच्या कुत्रीला, गुंडीला, तसंच नेलं आणि आता मी दुसऱ्या कुठल्या वाटेने तिला कोकणात नेणार नाही.

कारण सांगते. हायवेने गेलं की कुत्रा तासन् तास मागच्या सीटवर. ट्रकचा आवाज, हॉर्न, खड्डे. पाय मोकळे करायला उतरवावं तर धाब्याच्या आवारात पाच गाड्या अंगावर येतात. रेल्वेत फर्स्ट क्लासचा अख्खा कूपे मिळाला तर ठीक, नाहीतर त्याची रवानगी गार्डच्या डब्यात. ते मला बघवणार नाही आणि तुलाही नाही. किनाऱ्याच्या रस्त्याने आलं की दर दोन-तीन तासांनी खाडी आडवी येते. तिथे गाडी रांगेत लावायची, खाली उतरायचं, बोट पलीकडून येईपर्यंत थांबायचं. तेवढ्यात कुत्र्याचं शी-शू होतं, पाणी पिऊन होतं, नाक भरून वास घेऊन होतात. मग दहा-पंधरा मिनिटं बोटीवर वारा, आणि पुन्हा गाडी. कुत्र्याला झेपतील असे प्रवासाचे तुकडे आपोआप पडतात. माणसंसुद्धा कमी भांडतात गं, खरंच.

आम्ही निघालो भाऊच्या धक्क्यावरून. मांडव्याची रो-रो २०२० च्या मार्चमध्ये सुरू झाली. गाडी बोटीच्या पोटात, माणसं वर, आणि साधारण तासाभरात मांडवा. रस्त्याने पनवेल, पेण, वडखळ करत शंभराच्या आसपास किलोमीटर पडतात. गुंडीचं तिकीट गाडीबरोबरच काढलं होतं. तिला घेऊन आम्ही उघड्या डेकवर बसलो आणि मला तेच हवं होतं. थंडीचे दिवस, बोटीच्या मागे कुरव पक्ष्यांचा थवा. लोक त्यांना फरसाण टाकत होते, ते काही मला आवडत नाही, पण गुंडी मान वर करून एकेका पक्ष्यामागे डोळे फिरवत होती आणि भुंकायचं विसरली होती. तुम्ही पुण्याहून येणार म्हणजे हा टप्पा तुम्हाला नाही. तुमच्यासाठी ताम्हिणी घाट उतरून माणगाव, म्हसळा, हरिहरेश्वर, हाच सरळ रस्ता.

बोटीवर एक गोष्ट मात्र कुणी काहीही म्हटलं तरी करायची नाही. 'कुत्रा गाडीतच राहू दे, काच थोडी खाली ठेवा,' असं सांगणारे भेटतातच. कुत्र्याच्या अंगाचं तापमान मुळातच १०१ ते १०२.५ अंश फॅरनहाइट. घाम येतो तो जेमतेम पंजांच्या तळव्यांना, बाकी सगळी भिस्त जीभ बाहेर काढून धापा टाकण्यावर. लोखंडी डेक, शेजारी तापलेली इंजिनं, बंद गाडी, त्यात बिट्टूसारखा जाड अंगाचा लॅब्रॅडॉर. दहा मिनिटांची बोट असली तरी उतरवायचाच. आणि उतरवताना डेकच्या पत्र्याला आधी आपला तळहात लावून बघायचा. आपल्याला पाच सेकंद टेकवून ठेवता आला नाही, तर त्याचे पंजे भाजणारच. म्हणून शक्यतो सकाळची बोट धरा.

मांडव्याहून अलिबाग, काशिद, मुरूड. काशिदला फार गर्दी, गुंडीला किनाऱ्यावर सोडायचा प्रश्नच नव्हता. जंजिऱ्याला आम्ही आळीपाळीने गेलो, एकाने राजपुरीत गुंडीजवळ थांबायचं. किल्ल्याच्या दरवाज्याशी शिडाची होडी लाटांवर वरखाली होत असते आणि पायरीवर पाऊल बरोबर वेळ साधून टाकावं लागतं. माणसाला हात देता येतो, बावरलेल्या कुत्र्याला नाही. पुढे आगरदांड्याहून दिघी, जंगलजेटीने, म्हणजे गाड्या नेणाऱ्या फेरीबोटीने. ते सहज पार पडलं.

खरं सांगायचंय ते बागमांडल्याचं, कारण तुमची बोट तीच. हरिहरेश्वरपासून जवळच. सावित्रीची खाडी, पलीकडे वेश्वी, आणि रायगड जिल्हा संपून रत्नागिरी सुरू. बोट आली की तिचा पुढचा लोखंडी रॅम्प साखळ्यांवर खाली येतो आणि काँक्रीटवर आपटतो, त्याचा दणका पोटात जाणवतो. गुंडी चारही पाय रोवून उभी राहिली. शेपटी पोटाखाली, कान मागे चिकटलेले. मी पट्टा ओढला नाही. सगळ्या गाड्या चढू दिल्या, मोटारसायकलवाले चढले, मग तिच्या बाजूला उकिडवी बसून रॅम्पच्या काठावर बिस्किटाचा तुकडा ठेवला. रॅम्पच्या पत्र्यावर टायर घसरू नयेत म्हणून आडव्या पट्ट्या असतात. तिने एका पट्टीवर पुढचा पंजा ठेवला, काढला, वास घेतला, पुन्हा ठेवला. बोटीवरचा एक खलाशी रॅम्पची दोरी धरून गप्प उभा होता. घाई नाही, शिट्टी नाही. ती चढल्यावर म्हणाला, 'आमच्याकडे बैलसुद्धा असेच चढतात.' इंजिन सुरू झालं तेव्हा ती माझ्या पायांना घट्ट चिकटली, पण बोट खाडीच्या मधोमध आली आणि समुद्राकडून वारा सुटला, तशी कठड्याच्या गजांमधून तिने नाक बाहेर काढलं. नाकपुड्या नुसत्या फडफडत होत्या. डिझेल, चिखल, सुकट, खारं पाणी, काय काय पोचत असेल तिला. मग गजावर साचलेलं मीठ चाटायला लागली, ते मात्र थांबवलं. खारं पाणी पोटात गेलं की उलट्या-जुलाब ठरलेले. बाटलीतलं गोडं पाणी सतत हाताशी ठेव आणि तहान लागायच्या आधीच पाज.

बिट्टूला घाटात गाडी लागते हे मला आठवतंय. त्याला बोटही लागू शकते, तेव्हा निघायच्या आधी तीन-चार तास खायला देऊ नकोस. ताम्हिणीत दोनदा थांबा. उलटीवर कुत्र्यांसाठी गोळ्या असतात, पण आपल्या कपाटातली देऊ नकोस, डॉक्टरांना वजन सांगून लिहून घे आणि घरी एखाद्या रविवारी देऊन बघ. बोटीवर टोकाला न बसता मधल्या भागात बसा, तिथे हेलकावा कमी लागतो.

वेश्वीला उतरलं की बाणकोट आणि लगेच वेळास. आता हे नीट वाच. वेळासच्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात, साधारण नोव्हेंबर ते मार्च. म्हणजे तुम्ही याल तेव्हा हंगाम सुरू असेल. त्या घरट्यांचे शत्रू कोण, तर कोल्हे आणि कुत्रे. वास लागला की वाळू उकरून अंडी खातात. गावातली माणसं २००२ पासून पहाटे किनारा पालथा घालतात, अंडी काढून कुंपणाच्या आत पुरतात, पिल्लं बाहेर येईपर्यंत जपतात. त्यांच्या त्या मेहनतीवर आपला लाडका कुत्रा सोडायचा? मी गुंडीला वेळासच्या वाळूवर पाय ठेवू दिला नाही. आंजर्ल्यालाही कासवं येतात, तिथे भर दुपारी, भरतीच्या ओल्या वाळूवरून, पट्टा हातात धरून फिरवलं. बिट्टूचं नाक लॅब्रॅडॉरचं, तो तर उकरणारच. पट्टा सोडू नकोस, 'आमचा काही करत नाही' म्हणून तर अजिबात नाही. हे मी हात जोडून सांगतेय.

पट्ट्याला दुसरंही कारण आहे. प्रत्येक किनाऱ्यावर तिथल्या कुत्र्यांची टोळी असते आणि हद्दीत आलेला परका कुत्रा त्यांना खपत नाही. शिवाय भरतीच्या रेषेवर काय काय पडलेलं असतं: जाळ्यांचे तुकडे, गळ, मेलेले मासे. फुगून गोल होणारा तो काटेरी मासा विषारी असतो, बिट्टू तोंडात घेईल ते आधी बघ.

राहायला घरगुती ठिकाण घ्या, वाडीतलं. आधी फोन करून स्पष्ट विचारा: कुत्रा खोलीत चालेल का, घरात मांजर आहे का, कोंबड्या मोकळ्या फिरतात का. केळशीला आम्ही उतरलो तिथल्या काकूंनी कोंबड्या दोन दिवस डालून ठेवल्या, आणि मला इतकं भरून आलं की निघताना त्यांच्या पाया पडले. 'अंगणात बांधा, काही होत नाही' असं कुणी म्हणालं तर मात्र ऐकू नका. कोकणात बिबट्या गावात येतो तो बऱ्याचदा कुत्र्यासाठीच. रात्री कुत्रा खोलीच्या आत, कडी लावून. संध्याकाळी फिरवताना टॉर्च घ्या आणि दगडांच्या गडग्यांपासून लांब चाला, तिथे फुरसं असतं. गोठ्याजवळ गेला असेल तर झोपायच्या आधी कानांत आणि बोटांच्या बेचक्यांत गोचीड बघायचे, रोज. गोचिडाचा ताप कुत्र्याला पार खचवून टाकतो.

वेळ मिळाला तर तसेच खाली दापोलीवरून दाभोळपर्यंत या. दाभोळ ते धोपावे ही फेरी २००३ मध्ये सुरू झाली, त्याआधी समोर दिसणाऱ्या काठावर गाडी न्यायची तर चिपळूणचा वळसा. माझी आजी आगबोटींच्या काळातली. कोकणातल्या बऱ्याच बंदरांत आगबोट बाहेर उभी राहायची, पडाव, म्हणजे लहान होड्या, यायचे आणि पोरं, पेट्या, बोचकी त्यांत उतरवायची, हे तिच्या तोंडून किती वेळा ऐकलंय. दाभोळला बोटीवर गुंडीच्या शेजारी मासळीच्या टोपल्या घेऊन बायका बसल्या होत्या. मी संकोचून तिला लांब नेऊ लागले, तर त्यांतलीच एक म्हणाली, 'राहू दे गो, वास घेतल्यान तर मासळी कमी होणार हाय काय?' गुंडी टोपलीकडे बघत बसली, पण जागची हलली नाही. पलीकडे धोपावे, मग गुहागर. तिथला किनारा लांबच लांब आणि सकाळी मोकळा, पण कासवं तिथेही येतात, तेव्हा नियम तोच.

लसीकरणाचं पुस्तक बरोबर घे, रेबीजची तारीख उलटली नाही ना ते आजच बघ. खाणं घरचंच न्या, निदान पहिले दोन दिवस. दहीभात कुठेही मिळतो, पण कोकणात माशाच्या काट्याचा भात कुणीतरी प्रेमाने पुढे करतंच, तो नको.

आता तुझ्याकडून मला दोन गोष्टी हव्यात. एक, बिट्टूच्या छातीचा घेर. पुढच्या पायांच्या मागून टेप फिरव आणि दोन बोटं मावतील इतका सैल धर. पाठीवर मूठ असलेलं कुत्र्यांचं लाइफ जॅकेट मी इथून पाठवते, बोटीवर चढताना-उतरताना ती मूठ धरता येते आणि पट्ट्याने गळा आवळत नाही. दुसरं, तारखा. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात वाडीतल्या खोल्या मिळणं कठीण, त्याआधीचा आठवडा भाऊजींना जमतो का विचार. जमत असेल तर केळशीच्या काकूंना मी लगेच फोन करते. त्यांना कोंबड्यांची सोय बघावी लागेल.

भाऊजींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद, आणि बिट्टूच्या कानामागे माझ्या नावाने खाजव.

तुझी,
शैला