लिव्हरच्या तीन शिरा बघणाऱ्या डॉक्टर मॅडमना

माननीय डॉक्टर मॅडम,
सप्रेम नमस्कार.

तुमचे समोर बसून आभार मानायला गेलं की तुम्ही "अहो, ते माझं कामच आहे" म्हणता आणि पुढच्या पेशंटला हाक मारता. म्हणून हे पत्र उघड लिहिते आहे. तुमचं नाव यात घालत नाही, तुम्हाला ते आवडणार नाही. पण सोलापुरातल्या तुमच्या सोनोग्राफीच्या खोलीत माझ्या धाकट्या बहिणीसाठी जे झालं, ते इतर घरांपर्यंत पोचावं असं मला फार मनापासून वाटतं.

आपल्याकडे पेढ्यांचा पुडा जातो तो ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरांच्या टेबलावर. सोनोग्राफीच्या खोलीत माणूस पाच-दहा मिनिटं आडवा पडतो, पोटावरची जेल पुसतो आणि रिपोर्टची वाट बघत बाकावर बसतो. आतल्या डॉक्टरांचा चेहराही नंतर आठवत नाही. आमच्या धाकटीचा जीव मात्र त्या खोलीतच वाचला. मुंबईला जे झालं ते पुढचं. तुम्ही त्या दिवशी बघितलं नसतं, तर मुंबईला जायचं कशाला हेच आम्हाला कळलं नसतं.

तुमच्याकडे आलो तेव्हा तिचं पोट ताठ फुगलेलं होतं, उजव्या बाजूला हात लावू देत नव्हती, पायांवर सूज होती. आधी एका ठिकाणी पोटातलं पाणी सुई टाकून तपासलं होतं. पाण्यात प्रोटीन जास्त निघालं, वय कमी, वजन उतरलेलं, म्हणून पोटाचा टीबी धरून एकेटी, म्हणजे टीबीच्या गोळ्या, सुरू झाल्या. टीबीचा पक्का पुरावा कुठेच नव्हता. त्या गोळ्यांनी तिचं लिव्हर आणखी बिघडायला लागलं, डोळे पिवळट दिसायला लागले. तिथल्या सोनोग्राफीच्या रिपोर्टात पोटात पाणी आणि लिव्हर मोठं एवढंच होतं. लिव्हरच्या शिरांबद्दल एक अक्षर नव्हतं. मी कोणाला दोष देत बसणार नाही. आपल्या भागात टीबी खरंच पुष्कळ आहे आणि तरुण मुलीच्या पोटात पाणी दिसलं की डॉक्टरांच्या मनात तो आधी येतो, हे मी समजू शकते.

तुम्ही मात्र तो जुना रिपोर्ट बाजूला ठेवलात. प्रोब उजव्या बरगड्यांखाली तिरका धरलात, "श्वास घे, रोखून धर" म्हणालात, तिला डाव्या कुशीवर वळवलंत, परत उताणं झोपवलंत. मग शिरांतलं वाहतं रक्त रंगात दाखवणारा डॉपलर चालू केलात आणि बराच वेळ काही बोललाच नाहीत. बाहेर बाकावर माणसं खोळंबली होती, कंपाउंडर दोनदा डोकावून गेला. तुम्ही त्याला हातानेच थांब म्हणालात. मग मला आत बोलावून स्क्रीनवर बोट ठेवलंत: "इथे निळा रंग भरायला हवा. इथे, आणि इथेही. भरत नाहीये." तिथे सलग निळी रेघ नव्हती, बारीक वेड्यावाकड्या वाटा तेवढ्या चमकत होत्या. रक्ताने शोधलेल्या त्या आडवाटा आहेत, असं तुम्ही सांगितलंत.

मग तुम्ही पाकिटाच्या मागच्या बाजूला पेनाने चित्र काढलंत. कोंबडीच्या पावलासारख्या तीन रेघा, वर एका जाड रेघेला मिळालेल्या. आतड्यांकडून आलेलं रक्त लिव्हरमध्ये शिरतं, गाळलं जातं आणि या तीन शिरांमधून मोठ्या शिरेत, तिथून हृदयात जातं. या शिरा किंवा वरची मोठी शीर गुठळीने, नाहीतर आतल्या पडद्याने बंद झाली की रक्त आत येत राहतं, बाहेर पडत नाही. लिव्हर सुजतं, दुखतं आणि त्यातून पाणी पोटात झिरपतं. आमची आई सातवी शिकलेली आहे. तिलाही ते एका बैठकीत समजलं. ते पाकीट तिने आजवर फाइलमध्ये जपलंय.

आजाराचं नाव बड-कियारी सिंड्रोम. १८४५ मध्ये इंग्लंडच्या जॉर्ज बड यांनी याचं वर्णन केलं आणि १८९९ मध्ये प्रागला असलेल्या हान्स कियारी या विकृतिशास्त्रज्ञांनी त्याची नीट मांडणी केली, हे मी नंतर वाचलं. दहा लाख लोकांत वर्षाला एखाद-दुसराच नवा रुग्ण सापडावा इतका तो दुर्मीळ. एखाद्या डॉक्टरला वर्षानुवर्षं तो दिसणारही नाही. अशा आजारासाठी रोज, प्रत्येक पोटात, त्या तीन शिरा बघायची सवय ठेवावी लागते. ती सवय तुम्हाला आहे. माझ्या लेखी तुमची खरी थोरवी हीच.

तुम्ही विचारलेले प्रश्नही मला पाठ आहेत. सकाळची लघवी कधी काळपट होते का? गर्भपात झालाय का? घरात कोणाला पायात गुठळी झाली होती का? पाळीच्या किंवा हॉर्मोनच्या कसल्या गोळ्या चालू आहेत का? पीसीओडीसाठी तिच्या गोळ्या चालू होत्या. तोवर कोणीच ते विचारलं नव्हतं आणि टीबीशी त्याचा काय संबंध म्हणून आम्हीही बोललो नव्हतो. तुम्ही त्या गोळ्या त्याच दिवसापासून थांबवायला सांगितल्यात. त्यातल्या इस्ट्रोजेनमुळे रक्त गोठण्याचा धोका वाढतो, असं समजावलंत. आणि पोटातल्या पाण्याच्या जुन्या रिपोर्टात अल्ब्युमिन या प्रोटीनचा आकडा शोधलात. रक्तातल्या अल्ब्युमिनमधून पाण्यातलं अल्ब्युमिन वजा करायचं, फरक १.१ किंवा जास्त आला तर पाणी लिव्हरच्या वाढलेल्या दाबामुळे झालंय असं धरायचं. टीबीत तो फरक सहसा कमी असतो. तिचा १.१ च्या बराच वर होता. दोन्ही आकडे त्या कागदावर आधीपासून छापलेले होते, फक्त वजाबाकी कोणी केली नव्हती.

रिपोर्ट हातात देऊन मोकळ्या झाला असतात तरी कोणी काही म्हटलं नसतं. तुम्ही आमच्या डॉक्टरांना स्वतः फोन लावलात, मुंबईला तातडीने न्यायला सांगितलंत आणि पाठवायचं पत्रही लिहून दिलंत. आम्ही सिद्धेश्वर एक्सप्रेसने दादरला उतरलो आणि परळच्या केईएममध्ये गेलो. तिथल्या निवासी डॉक्टरांनी तुमचा रिपोर्ट वाचला आणि विचारलं, "हे सोलापुरात कोणी केलं?" हे तुम्हाला सांगायचं राहून गेलं होतं. आज सांगते.

पुढचं थोडक्यात. सीटीने तुमचं निदान पक्कं झालं. लिव्हरचा मधला एक छोटा भाग, कॉडेट लोब, फुगलेला होता. त्याचं रक्त वेगळ्या बारीक शिरांनी थेट मोठ्या शिरेत जातं, म्हणून या आजारात सगळा भार त्याच्यावर येतो. अन्ननलिकेत फुगलेल्या, रक्तस्राव होऊ शकेल अशा शिरा नाहीत ना हे दुर्बिणीने तपासून मग रक्त पातळ करणारी औषधं सुरू झाली. उजव्या शिरेचं तोंड थोड्याच लांबीत आवळलेलं निघालं. फुग्याने ते रुंद करून आत स्टेंट, म्हणजे जाळीची बारीक नळी, बसवला. पोट कापावं लागलं नाही. तीनपैकी एक शीर नीट वाहती झाली तरी बहुतेक वेळा लिव्हरचं भागतं, हे आम्हाला तिथेच कळलं. हे जमलं नसतं तर पुढची पायरी टिप्स, म्हणजे मानेतल्या शिरेतून जाऊन लिव्हरच्या आत नवा मार्ग काढणं. तेही नाही जमलं तर लिव्हर बदलणं. आमचं पहिल्या पायरीवरच निभावलं ते वेळेत पोचलो म्हणून, आणि वेळ मिळाली ती तुमच्यामुळे. स्टेंटनंतर तिची लघवी वाढली, पोट उतरत गेलं, आणि एका सकाळी तिने आपणहून भाकरी मागितली. आई वॉर्डातच रडली.

कारणाचा शोध बराच चालला. जॅक-टू नावाच्या जनुकाची तपासणी, काळपट लघवीच्या त्या पीएनएच आजाराची तपासणी, अँटीबॉडीज. प्रोटीन सी आणि एसचे आकडे कमी आले, पण ती प्रोटीनं लिव्हरच बनवतं, त्यामुळे लिव्हर आजारी असताना त्या आकड्यांवर भरवसा ठेवता येत नाही, असं तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं. शेवटी फॅक्टर फाइव्ह लायडेन हा रक्त गोठण्याचा जन्मजात दोष सापडला. एकट्या त्या दोषाने बहुतेकांना आयुष्यभर काही होत नाही. तिच्या बाबतीत गोळ्यांची भर पडली. आई-वडिलांपैकी एकाकडून आलेला हा दोष प्रत्येक सख्ख्या भावंडात असण्याची शक्यता निम्मी, म्हणून माझीही तपासणी झाली. मलाही तो आहे. आता कुठल्याही डॉक्टरांकडे गेले की आधी ते सांगते आणि तसल्या गोळ्यांच्या वाटेला जात नाही. तेव्हा हे आभार माझ्या स्वतःसाठीही आहेत.

धाकटी आता नोकरी करते. रक्त पातळ करणारी वॉरफेरिनची गोळी रोज संध्याकाळी ठरलेल्या वेळी घेते, रक्त किती पातळ आहे हे सांगणारा आयएनआरचा आकडा दोन ते तीनमध्ये राहील असं बघते. पालेभाजीने त्या गोळीचा असर बदलतो, तरी मेथी-पालक बंद केलेलं नाही, रोजचं प्रमाण सारखं ठेवलंय. अंग दुखलं तरी दुकानातून गोळी आणत नाही. दर सहा महिन्यांनी स्टेंट वाहता आहे का आणि लिव्हरमध्ये कुठे गाठ तर नाही ना, हे बघायला तुमच्याकडेच येते. मुंबईला चला म्हटलं की म्हणते, "माझ्या शिरा मॅडमना माहीत आहेत."

तिच्यामुळे आमच्या पाव्हण्यारावळ्यांत एक बदल झालाय. कोणाच्या पोटात पाणी झालं की लोक मला फोन करतात आणि मी एकच विचारते: डॉपलर करून लिव्हरच्या शिरा बघितल्या का, रिपोर्टात तसं लिहिलंय का? त्यातल्या बहुतेकांना दुसरंच काही निघतं. विचारायला पैसे पडत नाहीत.

पुढची तपासणी दिवाळीनंतर आहे. या वेळी मीही सोबत येईन. तिचं लग्न ठरतंय आणि मुलाकडच्यांना आम्ही सगळं सांगितलंय. त्यांचा एकच प्रश्न आहे, पुढे मूल होऊ शकेल का. आजार आटोक्यात असला तर होऊ शकतं, पण गर्भाला वॉरफेरिन घातक असल्याने तेवढा काळ त्याऐवजी रक्त पातळ करणाऱ्या हेपरिनची इंजेक्शनं घ्यावी लागतील आणि आधीपासून ठरवून चालावं लागेल, असं मुंबईच्या डॉक्टरांचं म्हणणं आहे. तेव्हा मध्ये-मध्ये डॉपलर लागेल, तो तुम्हीच करावा अशी तिची इच्छा आहे. केईएमची फाइल आणि सीटीची सीडी घेऊन येते. तुमच्याकडचे पहिल्या दिवसाचे फोटो असतील तर काढून ठेवावेत, ही विनंती.

आपली कृतज्ञ,
तुमच्या एका पेशंटची थोरली बहीण
सोलापूर