ठमी आता माझ्याकडेच राहील

इंदिरानगर, नाशिक
श्रावणी सोमवार

तीर्थरूप आई-बाबा,
साष्टांग नमस्कार.

आपली कोंबडी ठमी बरी आहे. हे आधी लिहिते, म्हणजे आई, तू पुढचं शांतपणे ऐकशील. खाते, पिते, अंगणात हिंडते, आणि सकाळी दार उघडायला जरा उशीर झाला की सगळी लेन जागी करते.

फोनवर हे सांगायला घेतलं की तू "बरं बरं, आल्यावर बघू" म्हणतेस, फोन बाबांकडे जातो, बाबा तो दादाला देतात, आणि दादा तुझ्या गुडघ्याचं सांगायला लागतो. म्हणून लिहून पाठवतेय. दादा वाचून दाखवेल. दादा, मधलं काही गाळू नकोस.

तुम्ही गणपतीच्या आधी ठाण्याहून घरी याल, तेव्हा ठमी मखमलाबादला नसेल. ती माझ्याकडे राहणार आहे, आणि नुसती बरी होईपर्यंत नाही, कायमची. खुराडंही टेम्पोत घालून इकडे आणलंय. पेरूखालची जागा रिकामी दिसेल. ती एकदम समोर येऊन तुझ्या मनाला लागू नये म्हणून आत्ताच सांगते. तिथली फरशी धुवून घेतलीय आणि तुझी गोकर्णीची कुंडी तिथे सरकवलीय, ऊनही चांगलं लागतं तिला.

बाबा, तुम्ही म्हणाल की आम्हाला एका शब्दाने विचारायचं तरी. विचारलं असतं तर तुम्ही दोघं "आम्ही करू" म्हणाला असतात, आणि खरंच केलंही असतंत. तेच मला होऊ द्यायचं नव्हतं.

झालं काय ते नीट सांगते, कारण आईला अजून वाटतंय की ठमीला नुसतं अपचन झालंय आणि ओव्याच्या पाण्याने उतरेल. अशोकस्तंभाकडच्या सरकारी दवाखान्यात डॉक्टरांनी मला कागदावर चित्र काढून दाखवलं. कोंबडीने टिपलेला दाणा थेट पोटात जात नाही. मानेच्या बुडाशी, जरा उजव्या अंगाला, अन्ननलिकेचीच एक पिशवी झालेली असते. दाणा आधी तिथे साठतो, भिजून मऊ होतो. मग थोडा थोडा खाली सरकतो, आधी पाचकरस मिसळणाऱ्या पोटात आणि मग पेट्यात, म्हणजे जाड स्नायूंच्या दुसऱ्या पोटात. तिला दात नाहीत, त्यामुळे दळायचं काम पेट्यातले बारीक खडे करतात. रात्री झोपताना ही पिशवी टम्म असली तरी चालते, सकाळी मात्र ती रिकामी लागायला हवी. त्या दिवशी शेजारच्या काकूंचा फोन आला म्हणून मी सकाळी धावत गेले, तर दाण्याला चोच लावायच्या आधीच ठमीची पिशवी पाणी भरलेल्या फुग्यासारखी लोंबत होती. चोचीला आंबूस वास, आणि मान सारखी ताणून वेडीवाकडी करत होती.

आतलं अन्न पुढे न सरकता तिथेच आंबलं होतं आणि त्यात बुरशी वाढली होती. कॅन्डिडा म्हणतात तिला, यीस्टच्या जातीची. डॉक्टरांनी नळी घालून पिशवी धुतली. एक दिवस दाणा बंद ठेवायला सांगितला, पाणी चालू. मग बुरशीवरचं निस्टॅटिन, ठरल्या मात्रेत. विष्ठाही तपासली, कारण पोटात जंत असले तरी पिशवी अशी तुंबते. तसं काही निघालं नाही.

आंबूस वास गेला. तरतरी आली. पण पिशवी पुरती वर गेली नाही, आई. आतले स्नायू सैल पडलेत, त्यामुळे ती खाली लोंबते आणि एका दमात रिकामी होत नाही. डॉक्टर म्हणाले, पिशवीत गवताचा घट्ट गोळा असता तर कापून काढता आला असता, पण सैल पडलेल्या स्नायूला ऑपरेशनने पुन्हा ताकद येईलच असं नाही. तिच्या वयाला भूल देण्याची जोखीम मला घ्यायची नाही. म्हणून ऑपरेशन करायचं नाही असं मी ठरवलं. तिला दुखत नाहीये. नीट सांभाळली तर आरामात जगेल, फक्त ते सांभाळणं रोजचं आहे, आणि तिच्या शेवटापर्यंतचं आहे.

ते रोजचं काय, तेही ऐका. मग मी का अडून बसलेय ते कळेल.

सकाळी काही खायला द्यायच्या आधी तिला उचलून पिशवी चाचपायची. रिकामी असेल तर दाणा, नसेल तर थांबायचं आणि पाणी द्यायचं. दाणा एकदम पुढ्यात ओतायचा नाही. दिवसाचा साधारण १०० ते १२० ग्रॅम लागतो, तो चार वेळा वाटून, पाण्यात कालवून मऊ करून. भांडं उंचावर ठेवायचं म्हणजे तिला मान खाली घालावी लागत नाही. खडे वेगळ्या वाटीत. अंडं पक्कं व्हावं म्हणून तू शिंपल्याचा चुरा घालायचीस, तो चालू ठेवलाय, पण तो विरघळून जातो, त्याने दळण होत नाही. त्यासाठी काळ्या दगडाची बारीक खडी चाळून, धुवून, वाळवून ठेवलीय. दही फक्त चमच्याच्या टोकावर, कारण दुधातली साखर पक्ष्यांना पचत नाही. आठवड्यातून एकदा स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन, कारण पिसांमुळे ती वाळत चाललेली डोळ्यांना कळत नाही. संध्याकाळी पुन्हा चाचपायचं. आणि गळ्याखाली आधाराला सुती झबलं बांधायचं, ते ओलं झालं की बदलायचं, खालची कातडी लाल झाली नाही ना ते पाहायचं.

यातलं प्रत्येक काम जमिनीपाशी बसून करायचं आहे. ओल्या अंगणात, खुराड्यात वाकून, हातातून निसटणारी कोंबडी धरून. आई, तुझा गुडघा नवा आहे. उकिडवं बसायचं नाही हे तुला डॉक्टरांनी, दादाने, वहिनीने, सगळ्यांनी सांगितलंय, आणि ठमी ओरडली की तू ते सगळं विसरून खाली बसशील हे मला पक्कं माहीत आहे. बाबा, तुम्हाला कमी दिसतं संध्याकाळचं. पेरूखालच्या शेवाळावर तुम्ही एकदा घसरलात तेवढं पुरे. माझ्याकडे पोरं आहेत, हे आहेत, घरून काम असलं की दुपारचं मला जमतं. तळमजला आहे, पुढे सिमेंटचं अंगण आहे, लांब गवताचं पातंसुद्धा नाही. मांजर येतं म्हणून खुराड्याला दुहेरी जाळी मारलीय. मुंगसाने नेलेल्या बाकीच्या चौघी मी विसरलेले नाही.

आणि आई, तुझ्या भाकरीने झालं असं कुणीही म्हणत नाहीये. काकू काय बोलल्या ते मनातून काढून टाक. पावसाळ्यात गवत गुडघाभर वाढतं, त्याची लांब पाती ती तोडून गिळते आणि ती आत गुंततात. गोणीची सुतळीसुद्धा गिळतात कोंबड्या. वयाने स्नायू सैल होतात. कारण एकच असं सांगता येत नाही, डॉक्टरांनीही सांगितलं नाही. फक्त इथून पुढे भाकरी, पाव, भात, गूळ काही नाही, कारण ते चिकट होऊन बसतं आणि साखरेवर बुरशी पुन्हा वाढते. बाबा, द्राक्षांचा हंगाम आला की तुम्ही एकेक मणी निवडून तिला द्यायचात, तेही आता नको. तिला त्याऐवजी बारीक चिरलेली कोथिंबीर देते मी, आवडते तिला. कांद्याची पात मात्र नाही, कांदा त्यांना बाधतो.

अंड्यांचं विचारू नका. २०२० साली बंद रस्त्यांमधून पेठच्या मावशींनी ती पिल्लं कशी पाठवली होती आठवतं ना? त्या हिशेबाने ठमी म्हातारी आहे. कोंबड्या सहा-आठ वर्षं जगतात, चांगल्या सांभाळल्या तर त्याहून जास्त, पण अंडी कमीच होत जातात. औषध चालू असताना दिलेली अंडी डॉक्टरांनी खाऊ नका म्हणून सांगितलं, ती फेकली. काकूंच्या नातवाला अंडी मी दुकानातून नेऊन देते, त्याची काळजी करू नकोस.

तिला औषध पाजताना मला क्वार्टरमधलं घर आठवतं. मला गोवर झाला होता तेव्हा तू पेज भरवायचीस, आणि एक चमचा पुरता गिळून होईपर्यंत दुसरा पुढे करायची नाहीस. कितीही वेळ लागो. माझा हात आता तसाच चालतो, मी ठरवून काही करत नाही. एक थेंब चोचीच्या कडेला, तिने गिळला की दुसरा. आणि बाबा, दुसऱ्या पाळीवरून प्रेसमधून यायचात, बूटसुद्धा न काढता आधी माझ्या कपाळावर हात ठेवायचात. मी जागी असायचे, पण झोपल्याचं सोंग घ्यायचे, कारण तुमचा हात तेवढा वेळ तिथेच राहायचा. मला या सगळ्याची परतफेड करायची आहे असं नाही, ती होत नाही. पण तुम्ही जे माझ्यासाठी वाकून, जागून केलंत, ते आता कुणाहीसाठी, अगदी ठमीसाठीसुद्धा, तुम्ही करावं हे मला बघवत नाही.

आता घरचं. मखमलाबादचं घर झाडून, उघडून ठेवते मी तुम्ही यायच्या आदल्या दिवशी. बाथरूममध्ये धरायला दांडी बसवून घेतलीय, कमोडची खुर्ची आणलीय. आई, ती वापरायची आहे, तिच्यावर टॉवेल वाळत घालायचे नाहीत. पलंगाखाली विटा लावून उंची वाढवलीय. दूधवाल्याला सांगितलंय, सिलेंडर भरलेला आहे, मावशी सकाळी भांडी-लादीला येतील. वॉकर अजून महिना तरी सोडायचा नाही, कुणी बघायला आलं तरी. व्यायाम सकाळ-संध्याकाळ, दुखतंय म्हणून टाळायचा नाही. बाबा, रक्तदाबाची गोळी रात्रीची नाही, सकाळची. आणि एकादशीला रामकुंडावर एकट्याने जायचं नाही. गंगापूर धरणातून पाणी सोडलं की गोदावरी कशी चढते तुम्हाला मी सांगायला नको, आणि पायऱ्या तर बुळबुळीत असतातच. हे घेऊन जातील तुम्हाला गाडीतून. स्कूटरची किल्ली माझ्याकडे आहे, ती मागू नका.

ठमीला भेटायला दर रविवारी मी न्यायला येईन. आमच्या दाराची एकच पायरी आहे, तिला कठडा लावलाय. आई, तुझी वेताची खुर्ची अंगणात ठेवली आहे, तू वर बसायचंस आणि मी ठमीला तुझ्या मांडीवर देईन. ती तुला विसरलेली नाही. परवा तुझा आवाज फोनच्या स्पीकरवर आला तर पिंपामागून पळत आली आणि फोनपाशी उभी राहिली.

एक गोष्ट मात्र आत्ताच सांगून ठेवते. मी नसताना कुणी ठमीला बघायला आलं आणि तिला उलटं धरून पिशवी रिकामी कर म्हणालं, किंवा तेल पाज म्हणालं, तर ठामपणे नाही म्हणायचं. आतलं पाणी किंवा तेल श्वासनलिकेत उतरलं तर ती तिथल्या तिथे गुदमरते. लोक जीव लावून सांगतात, मन मोडायला नको म्हणून तू ऐकून घेतेस. यात ऐकायचं नाही.

आणि आई, एक काम मला तुझ्याकडून हवंय. मी शिवलेलं झबलं बेताचंच आहे, शिवण जाड येते आणि पंखाखाली काचते. तुझी ती निळी सुती साडी आता नेसण्यासारखी राहिलेली नाही, तिचे तुकडे कर आणि ठाण्यात बसल्या बसल्या हाताने चार-पाच झबली शिव. मशीनवर नको, पाय हलवायला लागतो. बटणं नको, ती टोचून काढते, नाड्याच लाव. गळ्याखालचा भाग दुहेरी, आणि बांधल्यावर आत दोन बोटं सहज गेली पाहिजेत. माप आज रात्री दादाच्या फोनवर पाठवते. बाबांना नाड्या कापायला बसव.

तुमची
चिऊ